फरशीचं आठवं तोंड

पिपातून आवाज आला तेव्हा मंजुळाचा अर्धा नाला ओलांडून झाला होता.

"कोन शे तठे?"

ती जागच्या जागी थांबली. डोक्यावर भाकरीचं टोपलं, घोट्याएवढं पाणी आणि माथ्यावर वैशाखातलं ऊन. अशा टळटळीत दुपारी नाल्यात कोणी नसतं. गुरंसुद्धा बाभळीखाली माना टाकून उभी असतात. नाल्यावर आसरांचा, पाण्यातल्या सात बायांचा, वावर आहे, बाराच्या सुमाराला तिकडे फिरकू नये, असं गावात लहानपणापासून सांगतात. मंजुळाला मात्र रोज त्याच वेळी जावं लागे, कारण शेत पलीकडे होतं आणि तिच्या आबांना त्याच वेळी भूक लागे.

"कोन शे?" आवाज पुन्हा आला... घुमलेला, खोल.

काठावर डांबराची रिकामी पिपं आडवी पडली होती. दोंडाईचा रस्त्याच्या कामावर ती टाकून दिलेली होती. हिलाल आबांनी आणि आणखी चार शेतकऱ्यांनी ती बैलगाड्यांवर घालून आणली होती. नाल्यावर फरशी बांधायची होती. फरशी म्हणजे ठेंगणा पूल, वरून गाडी जाईल आणि मोठा पूर आला तर तोही वरून जाईल असा. पिपांची दोन्ही झाकणं कापायची, चार पिपं एकापुढे एक ठेवून एक नळ करायचा, असे नळ नाल्यात मांडायचे आणि वर दगड आणि सिमेंट घालायचं. एवढं सगळं मंजुळाला ठाऊक होतं. पिपं बोलतात हे ठाऊक नव्हतं.

"मी शे," ती म्हणाली. "हिलाल आबानी पोर. तुम्हीन कोन?"

एका पिपातून आधी दोन पाय बाहेर आले, मग बाकीचा माणूस आला. तिशीच्या आतला असावा. तोंड डांबराने इतकं माखलेलं होतं की फक्त डोळे दिसत होते.

"मी रतिलाल. मिस्तरी." तो तिच्या मागे बघू लागला. "तुम्हीन दोन जनी व्हतात ना?"

"नही. एकलीच शे."

"माले दोन बायासना पायना आवाज उना."

मंजुळाने मागे वळून पाहिलं. धार, गोटे, आणि गोट्यांवर तिची ओली पावलं. ती तिच्या डोळ्यांदेखत वाळत होती. एवढ्या उन्हात तिच्या हातावर काटा आला. पण तो दाखवायची तिची रीत नव्हती.

"पिपमा डोकं घालीसन बसनात ते काय बी ऐकू येई," ती म्हणाली. "पहिले तोंड धुई ल्या. लोके भूत समजतीन."

"तुम्हीन समजनात का?"

"भूत इतलं काळं नही राहस."

तो हसला. काळ्या चेहऱ्यात दात एकदम पांढरे दिसले. मंजुळा वळली आणि जरा घाईनेच पलीकडच्या काठावर चढली. भीतीने की कशाने, हे तिचं तिलाही कळलं नाही.

*

रतिलाल मिस्तरी कुठून आला, हे गावात कोणी नीट विचारलं नव्हतं. शिंदखेड्याच्या बाजारात त्याने ऐकलं की इथे फरशी करायची आहे. दुसऱ्या दिवशी हत्यारांचं पोतं खांद्यावर टाकून तो हिलाल आबांच्या ओट्यावर हजर झाला. मी बांधून देतो म्हणाला. मजुरीचं विचारलं, तर दोन वेळची भाकर म्हणाला. असा माणूस मिळाला की गाव प्रश्न विचारत नाही.

फरशीची गरज होतीच. पावसाळ्याचे चार महिने पलीकडची शेतं तुटून पडत. पूर तरी सांगून यावा... पण इथे कोरडं आभाळ असताना साक्रीकडच्या डोंगरात पाऊस पडे आणि पाणी भिंतीसारखं चालत येई. मंजुळाला बघायला एकदा मोठ्या घरचे पाहुणे आले होते. नवरामुलगा शेत पाहायला पलीकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत तिकडेच अडकला. परत आला तो थेट गाडीत जाऊन बसला. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. मंजुळाला बाविसावं लागलं होतं.

आता ती दोन टोपली घेऊन निघे, एक आबांचं, एक मिस्तरीचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. रतिलाल दगडावर बसे, पहिला तुकडा मोडून बाजूच्या गोट्यावर ठेवी आणि मगच खाऊ लागे. आसरांचा असेल, असं तिला वाटलं.

"मिस्तरी, तुम्हनी फरशी वाकडी दिसस," ती म्हणे.

"तुम्हीन वाकड्या उभ्या शेतस."

ती लगेच सरळ उभी राही, आणि मग तिला स्वतःचाच राग येई.

एकदा त्याने तिच्या हातात सुताची दोरी दिली. ओळ धरायला पलीकडे माणूस हवा होता. तो या काठाला, ती त्या काठाला, आणि मध्ये ताणलेली दोरी. तो जरा ओढी की तिच्या बोटांना कळे. तीही जरा ओढी... कामाला लागत नसतानाही.

"ओढा नका," तो तिकडून म्हणाला.

"तुम्हीनच ओढतस."

"मी कामसाठे ओढस."

"मी बी."

तो खाली मान घालून हसत होता, तेवढ्यात दोरी मध्येच खाली गेली. धारेच्या बरोबर वर, जिथे कोणीच नव्हतं तिथे. जाता जाता कोणी तिच्यावर हात टेकवावा तशी ती वाकली, क्षणभर तशीच राहिली आणि पुन्हा सरळ झाली. दोघांनीही ते पाहिलं. मंजुळाची बोटं गार पडली.

"वारा," रतिलाल म्हणाला.

काठावरच्या बाभळीचं पान हलत नव्हतं. तिने ते बोलून दाखवलं नाही. पण त्याच्या तोंडाकडे पाहून तिला एक गोष्ट कळली. तो घाबरला नव्हता. कोणी ओळखीचं भेटल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा त्याचा चेहरा झाला होता.

*

नळ सात ठरले होते. सात आसरांची सात तोंडं, म्हणजे त्यांची वाट अडत नाही, अशी त्या बाजूची रीत. ज्येष्ठ लागला तशी रतिलालने सातव्या नळाशेजारी आठवा मांडायला घेतला.

"मिस्तरी, सात ठरेल व्हतात ना?" आबांनी विचारलं.

"एक जास्ती बरा, आबा. पानी मावी."

आबांना ते पटलं. पिपं उरलेली होतीच. पण झुंबरबाईला पटलं नाही. झुंबरबाई म्हणजे नाल्याकाठी शेळ्या राखणारी म्हातारी. आसरांच्या सात दगडांना शेंदूर लावायचं काम तिचं. तिने मंजुळाला उंबराखाली बोलावलं.

"आठवं तोंड कोनासाठे शे, माहीत शे का तुले?"

"पानीसाठे, आजी."

"पानीले सात पुरतस." म्हातारी थोडा वेळ शेळीच्या कानातली गोचीड काढत राहिली. "तीन वरीस व्हई ग्यात. तू तवय मामाना गावले व्हतीस. एक जोडपं उनं, बैलगाडीमा. नवीनच लगीन व्हयेल. नालामा आत्ते शे तितलंच पानी. मधमा उनात आनि वरतून पूर उना. बैल वाचनात, तो वाचना. ती गयी."

"सापडनी नही?"

"नही. बुडीसन सापडत नहीत, त्या आसरासंगे फिरतस. सात जनी पुढे, आठवी मांगे." म्हातारीने गोचीड दगडावर चिरडली. "तू ज्याले भाकर देस ना, तोच तो. बाकीना इसरी ग्यात, मी वळखस त्याले. या काठवर बसीसन तीन दिन वरडी राहिंता."

मंजुळाने वळून फरशीकडे पाहिलं.

"तू त्यान्हाकडे दखस, ते बी माले दिसस," म्हातारी म्हणाली. "म्हनीसन सांगं."

*

मग मंजुळाला जे आधी दिसत नव्हतं ते दिसू लागलं. ऊन माथ्यावर आलं की रतिलाल हातातलं काम ठेवी, आठव्या नळाच्या तोंडाशी उकिडवा बसे आणि आत वाकून काहीतरी हळू बोले. मग थांबे, कान देई, मान हलवी. एखाद्या वेळी हसेसुद्धा.

मंजुळाला जळल्यासारखं होई. एका डांबराच्या पिपाचा मत्सर करणारी मीच एकटी असेन, असं तिच्या मनात येई आणि तिला हसू फुटे. ते हसू फार वेळ टिकत नसे.

एके दिवशी सिमेंटची पोती आणायला तो गाडी घेऊन शिंदखेड्याला गेला. फरशी जवळजवळ झाली होती. दगड बसले होते, वरचा शेवटचा थर तेवढा राहिला होता. मंजुळा वरच्या अंगाने, पाणी येतं त्या बाजूने, नाल्यात उतरली. दुपारच भरलेली होती. आठव्या तोंडाशी ती वाकली. आत काळोख होता, आणि डांबराचा वास, आणि त्यामागे ओल्या केसांना येतो तसा वास.

"कोन शे?" तिने विचारलं.

थोडा वेळ काहीच नाही. मग आतून आलं, "कोन शे?"

आवाज तिचाच होता. पण जरा उशिरा आला, आणि तिच्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या बाईचा वाटला.

मंजुळा मागे सरली ती धडपडलीच. तरी तिने शेजारच्या सातव्या तोंडात वाकून तोच प्रश्न विचारला. आवाज आरपार निघून गेला. सहाव्यातही गेला. पाचव्यातही. पलीकडचा उजेड गोल दिसत होता. परत काहीच आलं नाही.

आठव्यात मात्र उजेड नव्हता.

ती काठावर चढली, फरशीच्या पलीकडे खालच्या अंगाला उतरली आणि बोटाने तोंडं मोजू लागली. वरून आठ होती.

खालून सात भरली.

आठवं जिथे निघायला हवं होतं तिथे दगडांची नीट बसवलेली भिंत होती. सांधे इतके साफ होते की एखाद्या घरच्या देवळीलाही कोणी इतके साफ करत नाही.

*

रतिलाल परत आला तेव्हा उन्हं कलली होती. पश्चिमेला, डोंगरांच्या बाजूला, आभाळ शाईसारखं झालं होतं. मंजुळा खालच्या अंगाला त्या भिंतीसमोर उभी होती. त्याच्या वाटणीचं टोपलं तिने तसंच झाकून ठेवलं होतं.

"मिस्तरी, मोजी दखाडा."

त्याने मोजलं नाही. तो गाडीवरून उतरला आणि तिथेच एका दगडावर बसला.

"वरतून आठ, खालतून सात," ती म्हणाली. "आठवीले बाहेर निंघाले वाट कोठे शे?"

"कोनी सांगं तुम्हले?"

"झुंबरआजीनी."

मग तो बोलू लागला, आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"सुगंधा नाव व्हतं. मना हातमा तिना हात व्हता. वल्ला व्हता... सुटी गया." तो थांबला. "बुडतानाबी तिनं मनं नाव नही लिधं. बाई नवरानं नाव लेस नही ना. नुस्तं 'ओ' म्हने. 'ओ... ओ...' तीन वरीस मी ते आयकाले फिरनू. मंग आठे एक पिपमा डांबर खरडी राहिंतू, त्यानं एक झाकन कापेल नव्हतं. मी 'ओ' म्हनं. आतमातून 'ओ' उनं."

"म्हनीसन तुम्हीन ते तोंड बुजी टाकं."

"उघडं राहिनं ते ती परत बोलाव नही."

या माणसाला काय बोलणार? तिचं भांडण त्या बाईशी नव्हतंच. तिला तर तिची दया येत होती. पण डोंगराकडे विजा चमकत होत्या, आणि उद्या-परवा आबांची गाडी या फरशीवरून जाणार होती.

"पूर उना म्हंजे बंद नळमा पानी काय करी, मिस्तरी?"

त्याने एक गोटा उचलून धारेत टाकला.

"माले समजत नही, तुम्हले समजस. सांगा."

"धडका देई," तो अखेर म्हणाला. "लाकडं भरतीन. बुंधा उखडी. बठ्ठी फरशी जाई."

"आनि वर कोनी व्हयनं ते?"

त्याने वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.

"फोडं ते ती जाई, मंजुळा."

त्याने तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि ते असं. तिला वाटलं होतं, तो कधी नाव घेईल तेव्हा किती गोड वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"तिले बोलावतस तुम्हीन, आनि ती बोलस. पन ती 'ओ' म्हनस ते तुम्हले राहा म्हनस का सोडा म्हनस, कोनले ठाऊक? तीन वरीस पानीमा फिरनी, आत्ते तिले पिपमा कोंडी ठेयेल शे." ती थांबली. मग पदराशी चाळा करत, पण स्पष्ट म्हणाली, "तुम्हीन नही फोडं ते उद्यापासून मी भाकर लईसन येवाव नही. दुसरं कोनी लई येई."

"भाकरनंच सांगी राहिनीस ना तू?"

"नही."

नाल्याची धार तेवढी वाहत होती. रतिलाल उठला. हत्यारांच्या पोत्यातून त्याने घण काढला, पहार काढली. भिंतीसमोर जाऊन तो उभा राहिला. घण त्याने जमिनीवरच टेकवून ठेवला होता.

"थांबा," मंजुळा म्हणाली.

तिने टोपल्यातली भाकर काढली, तिच्यावर ठेचा ठेवला, कांदा ठेवला, आणि ते त्या भिंतीच्या पायाशी सपाट गोट्यावर मांडलं.

"आक्का," ती हळूच म्हणाली, "दूरना रस्ता शे. जेवीसन जाय."

मग ती बाजूला झाली आणि रतिलालने घण घातला.

पहिल्या घावाला काही झालं नाही. पाचव्या-सहाव्याला एक दगड आत ढासळला. त्यातून हवा बाहेर आली... गार, श्रावणातल्या पहाटेसारखी गार. त्या तापलेल्या नाल्यात ती मंजुळाच्या गालाला लागून गेली, जवळून जाणाऱ्या बाईचा पदर लागावा तशी. गाडीला जुंपलेले दोन्ही बैल रवंथ करायचे थांबले. त्यांनी एकदम माना उचलल्या, कान टवकारले आणि ते काहीतरी बघू लागले. त्यांच्या माना हळूहळू वळत गेल्या, नाल्याच्या खालच्या बाजूला, वळणापर्यंत. तिथे त्या थांबल्या. मग बैलांनी फुस्स केलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

वाळूवर काही नव्हतं. गोट्यावरची भाकर होती तशीच होती.

रतिलालने उरलेले दगड हातांनी काढले. मग आत वाकून म्हणाला, "ओ."

आवाज आरपार निघून गेला. पलीकडे उजेडाचा गोल दिसत होता.

तो तिथेच वाळूत बसला आणि रडला. मंजुळा त्याच्याकडे पाठ करून बैलांना गोंजारत राहिली. त्याला रडायला जितका वेळ लागला तितका वेळ तिने दिला.

*

वरचा थर रतिलालने रातोरात टाकला. थर घट्ट झाल्यावर तिसऱ्या दिवशी पूर आला. आभाळ कोरडं होतं, तरी पाणी आलं, लालभडक, मुळासकट झाडं घेऊन. सगळं गाव काठावर जमलं. आठही तोंडांतून पाणी धो धो फेकलं जात होतं. आठवं जरा जास्तच जोरात, असं मंजुळाला वाटलं. फरशीवरूनही हातभर पाणी गेलं. पण दगड हलला नाही.

पाणी उतरल्यावर आबांची गाडी पहिली गेली. कोणी नारळ फोडला, कोणी मिस्तरीच्या पाठीवर थाप मारली. "पिपं सडतीन दहा वरीसमा," रतिलाल सगळ्यांना सांगत होता. "सडू द्या. तवलोंग वरला दगड एकजीव व्हई जाई. पिपं नुस्ती साच्यासाठे व्हतीत."

लोक पांगले. रतिलाल पोत्यात हत्यारं भरू लागला. मंजुळा या काठावर उभी होती.

"निंघनात का?" तिने विचारलं.

"काम सरनं."

"फरशीले कठडा कोठे शे?"

"फरशीले कठडा नही राहस. कचरा अडकस, मंग पानी ढकलस."

"पानी वाही गयं, गाळ राहिना. पाय घसरना ते?"

"ते..." तो पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबला. "ते हात धरना पडी."

"मंग धरा. माले पलीकडे जानं शे."

त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

"मना हात सुटस, मंजुळा."

"सुटना ते मी धरसू," ती म्हणाली.

तिनेच मग त्याचा हात धरला. सिमेंटने खरबरीत झालेला होता. दोघे गाळातून जपून पावलं टाकत निघाले. पहिलं तोंड गेलं, दुसरं गेलं... खाली पाणी शांतपणे वाहत होतं. रतिलाल तिला काहीतरी सांगत होता, की दोंडाईच्याला त्याची आई आहे, घर लहान आहे, पण अंगणात चांगली विहीर आहे. मंजुळा ऐकत होती. सातवं गेलं.

आठव्यावर आल्यावर ती थांबली. मोकळ्या हाताने तिने पदर खांद्यावरून वर घेतला आणि डोक्यावर नीट ओढला, कपाळापर्यंत, जसा सासरच्या मोठ्या बाईसमोर घेतात. माहेरच्या गावात लेक डोक्यावर पदर घेत नाही. भर दुपारी, आपल्याच शिवारात मंजुळाने तो घेतला.

रतिलाल बोलायचा थांबला. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानेही खाली पाण्याकडे पाहून डोक्यावरची टोपी काढली, आणि तिचा हात न सोडता पुढचं पाऊल टाकलं.